करड्या पानांची कैफियत

ग्रीस, दक्षिण फ्रान्स किंवा स्पेनच्या किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवरील वनस्पतींविषयी जे लोकप्रिय लेखन वाचायला मिळते, त्यातील क्रियापदे जवळजवळ ठरलेली असतात. लॅव्हेंडर उन्हाळ्यात 'तग धरते', रोझमेरी 'दुष्काळाला तोंड देते', ऑलिव्हचे झाड 'प्रतिकूल परिस्थितीशी झुंजते'. वरवर पाहता ही कौतुकाची वाक्ये आहेत. पण त्यांच्या बुडाशी एक गृहीत दडलेले आहे. भरपूर पाणी, लुसलुशीत पान आणि गर्द हिरवा रंग ही वनस्पतीची खरी अवस्था, आणि हे जीव तिला मुकलेले असूनही कसेबसे जगतात, असे ते गृहीत आहे. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की हे गृहीत चुकीचे आहे आणि ते निरुपद्रवीही नाही. त्यामुळे बागांमध्ये पाण्याची उधळपट्टी झाली, डोंगरांवर भलतीच झाडे लागली आणि एका अत्यंत समृद्ध भूप्रदेशावर 'उजाड' असा शिक्का बसला.

आधी हवामानाविषयी थोडे, कारण 'उन्हाळा' या शब्दानेच मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. आपला उन्हाळा पावसाकडे तोंड करून बसलेला असतो. चैत्र-वैशाखातला ताप कितीही असह्य झाला तरी मृगाचा पाऊस त्याच्या पलीकडे उभा असतो. आपल्याकडील वनस्पतींची सारी वाढ उष्णता आणि पाणी एकत्र येतात त्या काळात होते. भूमध्य समुद्राच्या काठी नेमके उलटे आहे. तेथे पाऊस पडतो तो शरदाच्या मध्यापासून वसंतापर्यंत, म्हणजे थंडीत; आणि उष्णता वाढू लागते तशी पावसाची पाठ फिरते. अथेन्सला वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माणदेशाशी तुलना करावी इतकाच. पण त्यातला जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांच्या वाट्याला येणारा हिस्सा अगदीच किरकोळ. पाणी असते तेव्हा ऊब नसते आणि ऊब असते तेव्हा पाणी नसते, असा हा विलक्षण तिढा आहे. पृथ्वीवर तो पाचच ठिकाणी आढळतो: भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांत आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग. जमिनीच्या जेमतेम दोन टक्के क्षेत्रात जगातील सुमारे एक पंचमांश वाहिनीयुक्त वनस्पतींच्या जाती या पाच प्रदेशांत एकवटल्या आहेत. एकट्या भूमध्य समुद्राभोवती त्यांची संख्या २५,००० च्या घरात जाते आणि त्यातल्या निम्म्या जाती अन्यत्र कोठेही नाहीत. ज्या भूमीला आपण 'वंचित' समजतो तिची ही शिल्लक आहे.

हा तिढा वनस्पतींनी कसा सोडवला हे पाहिले की 'झुंज' हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. सर्वांत परिचित उदाहरण आपल्या अंगणातले घ्यावे. कण्हेर ही भूमध्य समुद्रापासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेली वनस्पती. आपल्याकडे ती देवपूजेसाठी लावली जाते आणि महामार्गांच्या दुभाजकांवरही दिसते. ग्रीसमध्ये ती उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या ओढ्यांच्या पात्रांत रानटी वाढते. वर धोंडे तापलेले असतात आणि खाली मुळे वाळूतल्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. तिच्या पानाची पाठ भिंगाखाली पाहिली तर लहान लहान खळगे दिसतात आणि त्या खळग्यांत केसांची दाट लव असते. पर्णरंध्रे, म्हणजे ज्यांतून पानातली वाफ बाहेर जाते ती छिद्रे, या खळग्यांच्या तळाशी लपलेली असतात. बाहेर वारा कितीही कोरडा असो, खळग्यातली हवा दमटच राहते. ऑलिव्हच्या पानाची पाठ चंदेरी दिसते तीही सूक्ष्म, छत्रीसारख्या खवल्यांच्या थरामुळे. वाऱ्याने ऑलिव्हची बाग उलगडते तेव्हा तिचा रंग बदलल्यासारखा भासतो, त्याचे कारण एवढेच.

लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम, सेज ही सगळी मंडळी आपल्या तुळशीच्या कुळातली. त्यांनी पाने लहान केली, कडा खाली मुडपून घेतल्या, अंगावर करडी लव पांघरली आणि आत बाष्पनशील तेले साठवली. थाइमला जो वास येतो तो थायमॉल या द्रव्याचा, आणि आपल्या ओव्याला येतो तोही त्याचाच. चरणारी जनावरे आणि किडे यांना या तेलांची चव मानवत नाही, हा त्यांचा एक मोठा उपयोग. येथे भाषेतील एक गंमत नोंदवावीशी वाटते. संस्कृतात आणि मराठीत 'रुक्ष' हा 'स्निग्ध'चा विरुद्धार्थी शब्द. जे कोरडे ते रुक्ष, जे तेलकट ते स्निग्ध. आणि पुढे माणसांच्या स्वभावालाही आपण हीच विशेषणे लावली, त्यामुळे रुक्ष माणूस म्हणजे ज्याच्यात ओलावा नाही असा. रोझमेरीचे पान बोटांना रुक्ष लागते, आणि ते चुरडले की तेलाने बोटे माखतात. बाहेरून रुक्ष आणि आतून स्निग्ध अशा वस्तूसाठी आपल्याकडे चटकन विशेषण सापडत नाही. हा केवळ शब्दांचा तुटवडा नसावा. असे काही असू शकते याकडे आपले लक्षच कमी गेले असावे.

काही वनस्पती ऋतूप्रमाणे पाने बदलतात. फ्लोमिस या पिवळ्या फुलांच्या झुडपाची हिवाळी पाने मोठी असतात. उन्हाळा येताच ती गळतात आणि त्यांच्या जागी लहान, जाड, अधिक लवदार पाने राहतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळे कपडे असावेत तसा हा प्रकार. वृक्षासारखी वाढणारी एक युफोर्बिया तर उन्हाळ्यात सगळी पाने टाकून देते आणि शरदातल्या पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवी होते. युरोपीय वाचकाला पानगळ म्हटली की थंडी आठवते. हे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण होते आणि हिवाळ्यात बहरते. कंदवर्गीय वनस्पतींनी याहून सोपा मार्ग पत्करला. त्या उन्हाळाभर जमिनीखाली झोपून राहतात. समुद्रकांदा नावाने ओळखला जाणारा मोठा कंद हिवाळ्यात रुंद हिरवी पाने धरतो, वसंताच्या अखेरीस ती वाळून जातात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाचा थेंबही पडलेला नसताना, भेगाळलेल्या जमिनीतून पांढऱ्या फुलांचा उंच दांडा सरळ वर येतो. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात थिओफ्रॅस्टसने आपल्या वनस्पतिग्रंथात याची नोंद केली आहे आणि शेतकरी या फुलोऱ्यावरून नांगरणीचा काळ ओळखतात असेही सांगितले आहे. या कांद्याचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे. कोकणात आणि देशावर ज्याला कोळकांदा किंवा रानकांदा म्हणतात, तो असाच पावसाच्या आधी, पानांवाचून फुलतो.

आणि काही थोड्या वनस्पती तर ऐन उन्हाळाच आपला हंगाम मानतात. केपर हे त्याचे उत्तम उदाहरण. पडक्या तटांच्या भेगांतून, खडकांच्या सांदीतून ते लोंबते आणि जुलैच्या भाजत्या उन्हात त्याला मोठी, नाजूक पांढरी फुले येतात. मुळे खोल फटींतून ओल शोधत गेलेली असतात. याच्या कळ्या खारवून खातात. आषाढी एकादशीच्या पारण्याला ज्या वाघाटीच्या फळांची भाजी आपल्याकडे होते ती वाघाटी याच प्रजातीतली.

आता प्रश्न असा की या सगळ्या वर्तनाला 'तग धरणे' का म्हणावे? रात्री झोपलेल्या माणसाविषयी आपण 'तो अंधाराशी झुंजतो आहे' असे म्हणत नाही. यातल्या बहुतेक वनस्पतींसाठी उन्हाळा ही विश्रांतीची वेळ आहे. उत्तर युरोपातल्या झाडांसाठी जसा हिवाळा. त्या विश्रांतीत व्यत्यय आणला तर काय होते हे बागाईत करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तापलेल्या मातीला वारंवार पाणी मिळाले की कोमट ओलीत वाढणारे बुरशीसदृश सूक्ष्मजीव मुळांवर चढतात आणि सिस्टस किंवा लॅव्हेंडरचे निरोगी झुडूप आठवडाभरात मान टाकते. पुण्या-मुंबईत हौसेने आणलेली लॅव्हेंडरची कुंडी वैशाखात टिकते आणि श्रावणात मरते, त्याचेही हेच कारण. तिला ऊन सोसवत नाही असे नाही. उष्ण हवेतला पाऊस तिला सोसवत नाही. दयाबुद्धीने घातलेले पाणी येथे मारक ठरते. ज्याला आपण उपेक्षा समजतो तीच त्या झाडाची काळजी असते.

भाषेच्या या प्रश्नाला जुना इतिहास आहे. प्लेटोच्या 'क्रिटियस' या संवादात अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रांताचे वर्णन येते. पूर्वी येथे सुपीक माती आणि अरण्ये होती, ती वाहून गेली, आणि आता रोगाने झिजलेल्या देहाची हाडे उरावीत तशी भूमी उरली आहे, असा त्याचा एकूण सूर. त्याच ओघात तो सांगून जातो की काही डोंगरांवर आता फक्त मधमाश्यांपुरते अन्न शिल्लक आहे. या 'फक्त'पाशी थांबायला हवे. अथेन्सच्या शेजारचा हायमेटस डोंगर प्राचीन काळापासून ज्या मधासाठी प्रसिद्ध आहे, तो मध थाइमच्या झुडपांचा. डोंगरभर पसरलेली, उन्हात दरवळणारी, मधमाश्यांनी गजबजलेली झुडपे प्लेटोला दिसत होती. पण त्याच्या हिशेबात ती शिल्लक नव्हती, तूट होती.

प्लेटोची ही तूट पुढे शास्त्राच्या वेषात परत आली. जॉर्ज पर्किन्स मार्श हे तुर्कस्तानात आणि नंतर इटलीत अमेरिकेचे राजदूत होते. त्यांचा 'मॅन अँड नेचर' हा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या हव्यासाने निसर्गाची हानी होते हे त्यांनी फार लवकर आणि फार समर्थपणे सांगितले. आधुनिक पर्यावरणविचाराचा तो एक पायाच आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु मार्श यांच्यासमोरचे मोठे उदाहरण होते भूमध्य समुद्राकाठच्या देशांचे: येथे एके काळी घनदाट वने होती, मानवाने ती तोडली, शेळ्यांनी उरलेली खाल्ली, आणि खुरटी झुडपे मागे राहिली. तेव्हापासून गारिग, माकी, माटोराल, फ्रिगाना अशी स्थानिक भाषांत स्वतंत्र नावे असलेली ही झुडुपराने वनखात्यांच्या दप्तरात 'ऱ्हास पावलेले जंगल' म्हणून नोंदली जाऊ लागली. ज्या गोष्टीला लोकांनी चार भाषांत चार नावे दिली होती, तिला एका अभावाचे नाव मिळाले.

या कथेला पुराव्यानिशी आव्हान दिले ते ए. टी. ग्रोव्ह आणि ऑलिव्हर रॅकम यांनी, भूमध्यसागरी युरोपच्या पर्यावरणीय इतिहासावरील २००१ सालच्या ग्रंथात. हरवलेल्या नंदनवनाची ही कथा सरसकट लागू करता येत नाही, प्रत्येक खोऱ्याचा आणि प्रत्येक बेटाचा इतिहास वेगळा आहे, आणि ही झुडुपराने स्वतःच्या अधिकाराने तेथे नांदत आली आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मला आणखी एक साधा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कोरड्या उन्हाळ्याचे हे हवामान तेथे सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी स्थिरावू लागले. मुडपलेली पाने, लव, तेले, उन्हाळी झोप ही सारी व्यवस्था कुऱ्हाडीच्या आणि शेळीच्या फार आधीची आहे. माणसाने जंगले तोडली हे खरे, अनेक ठिकाणी माती वाहून गेली हेही खरे. त्यावरून जे उरले ते सगळे अवशेष आहे असे मात्र ठरत नाही.

हा वाद युरोपापुरता राहिला नाही. मार्श यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८६४ मध्ये, डीट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. पुढची दोन दशके येथील वनाधिकाऱ्यांचे शिक्षण बव्हंशी जर्मनीत आणि फ्रान्समधील नान्सी येथे होत असे. 'जमीन म्हणजे एक तर शेत, नाही तर जंगल. दोन्ही नसेल ती पडीक' ही दृष्टी आपल्याही महसुली आणि वनविषयक भाषेत रुजली. माळढोक, काळवीट, लांडगे यांना सांभाळणारी सोलापूर-अहिल्यानगरकडची माळराने 'पडीक' म्हणून कशी गणली गेली आणि त्यांच्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ कशी लावली गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवतो की ग्रीक टेकडी आणि आपले माळरान यांच्यावर अन्याय करणारी नजर एकच आहे.

या नजरेची किंमत तिकडे काय पडली? विसाव्या शतकात स्पेन आणि पोर्तुगालमध्ये 'उजाड' डोंगरांवर पाइन आणि निलगिरीची अफाट लागवड झाली. पोर्तुगालच्या वनक्षेत्रात आज सर्वाधिक जागा व्यापणारे झाड निलगिरी आहे, जे मुळात ऑस्ट्रेलियाचे. जून २०१७ मध्ये त्या देशाच्या मध्यभागी पेद्रोगाव ग्रांद येथे भडकलेला वणवा पाइन आणि निलगिरीच्या अशाच सलग रानांतून पसरला आणि त्यात ६६ माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, अ‍ॅटिकामधील माटी या पाइनच्या झाडीत वसलेल्या किनारी वस्तीत शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. वणव्यांना केवळ झाडांची निवड कारणीभूत असते असे माझे म्हणणे नाही. वारा, वाढते तापमान, बेशिस्त बांधकाम, ओस पडलेली खेडी आणि थांबलेली चराई ही सगळी कारणे त्यात आहेत. करडी झुडपेही पेट घेतात, आणि तेलांमुळे चांगलीच पेटतात. सिस्टसच्या बियांचे कवच तर आगीच्या धगीनेच भेगाळते आणि पहिल्या पावसात त्या उगवतात. पण अधूनमधून जळणारे आणि पुन्हा उगवणारे, शेळ्यांनी विरळ ठेवलेले झुडुपरान वेगळे. आणि मैलोन् मैल एकाच वयाची उंच झाडे ओळीने उभी करणे वेगळे.

बागांचे नुकसान इतके भयंकर दिसत नाही, पण मूळ तेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यांवर पर्यटन वाढले, बंगले उठले आणि प्रत्येक बंगल्याभोवती हिरवळ आली. हिरवळीची कल्पना इंग्लंडची, जिथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो आणि गवत आपोआप हिरवे राहते. तीच कल्पना जिथे चार महिने आकाश कोरडे असते तिथे नेली की रोज संध्याकाळी तुषारसंच चालवावे लागतात. १ फेब्रुवारी २०२४ रोजी कॅटलोनिया प्रांताने तीन वर्षांच्या अवर्षणानंतर बार्सिलोना आणि परिसरासाठी पाण्याची आणीबाणी जाहीर केली, तेव्हा बागांच्या पाण्यावर कडक निर्बंध आले. हिरवळी पिवळ्या पडल्या. त्या पिवळ्या पडल्याची हळहळ समजू शकते; पण त्या तिथे होत्याच का, हा अधिक मूलभूत प्रश्न आहे.

सुदैवाने दुसरी एक परंपराही आहे, आणि तिचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी जागेची पाहणी करा, ती काय आहे हे समजून घ्या, मगच आराखड्याला हात घाला, हा त्यांचा आग्रह. मुंबई सोडल्यावर ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले आणि शहराबाहेरच्या दगडाळ गारिगमध्ये त्यांनी आपले कॉलेज उभारले. १९३२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. गेडिस यांच्या हिंदुस्थानातील अहवालांतले निवडक भाग १९४७ साली पुस्तकरूपाने संपादित केले ते जॅकलिन टिरविट यांनी. याच टिरविटबाईंनी १९६०च्या दशकात अथेन्सच्या पूर्वेला, पेआनियाजवळ स्पारोझा येथे एक खडकाळ टेकडीउतार विकत घेतला आणि तेथे बाग केली. प्रथम त्या उतारावर आपोआप काय उगवते हे त्यांनी पाहिले, महिन्यामहिन्याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदींचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९९८ साली निघाले. १९९४ मध्ये भूमध्यसागरी हवामानातील बागाईतीसाठी जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे केंद्र म्हणजे हीच बाग झाली. गेडिस यांची शहरांविषयीची शिकवण आणि टिरविट यांची टेकडीविषयीची सबुरी यांत मला एकच वृत्ती दिसते: समोर जे आहे त्याला अभाव न मानता आधी वाचायला शिकणे.

फ्रान्समधील मेझ येथे रोपवाटिका चालवणारे ऑलिव्हिए फिलिपी यांनी २००७ साली पाणी न घालता बाग करण्याविषयी पुस्तक लिहिले आणि २०११ साली हिरवळीच्या पर्यायांविषयी दुसरे. त्यांचा उपदेश साधा आहे. रोप लहान घ्यावे, शरदात लावावे, म्हणजे हिवाळ्याचा पाऊस त्याची मुळे खोल नेतो. पहिल्या उन्हाळ्यात क्वचित पण भरपूर पाणी द्यावे. पुढे हात आखडता घ्यावा. इंग्लंडमध्येही, एसेक्ससारख्या कमी पावसाच्या भागात, बेथ चॅटो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या रोपवाटिकेच्या जुन्या वाहनतळावर खडीची बाग केली. जमीन तयार केली, झाडे लावली आणि नंतर पाणी द्यायचे नाही असे ठरवले. ती बाग चॅटो यांच्या पश्चातही बहरते आहे. हिरवळीच्या मायदेशातच तिला मिळालेले हे उत्तर आहे.

या मांडणीवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोरडेपणाचे हे कौतुक म्हणजे पोट भरलेल्यांचा शौक नाही काय? ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे त्याला करड्या रंगाचे सौंदर्य सांगणे क्रूरपणाचे नाही काय? नक्कीच आहे. माणदेशातल्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे आणि अ‍ॅटिकातल्या शेतकऱ्यालाही ते हवेच होते. हिरव्याची ओढ खोटी नाही. ग्रॅनडाच्या अल्हांब्रा महालात पाण्याचे जे अरुंद पाट आणि सावलीचे चौक आहेत ते याच ओढीतून आले. पण त्या चौकांची रीत पाहावी. पाणी थोडे, घराच्या जवळ, चार झाडांच्या मुळाशी आणि माणसाच्या कानाशी; भिंतीपलीकडचा डोंगर मात्र त्याच्या रंगात राहू दिलेला. पाण्याची किंमत ठाऊक असलेल्यांचे ते हिरवे आहे. माझा विरोध आहे तो जिथे पाणी मौल्यवान आहे तिथेच ते शोभेच्या गवतावर ओतून त्याला सुसंस्कृतपणा म्हणण्याला. शेतकऱ्याची बाजू घ्यायची तर हाच विरोध करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. हवामानच बदलत असेल तर या वनस्पतीही किती काळ नांदतील? त्या अजिंक्य नाहीत. २०१३ मध्ये इटलीच्या आपुलिया भागात 'झायलेला' हा जिवाणू आढळला आणि त्यानंतर तेथील लक्षावधी ऑलिव्ह वृक्ष वाळले, त्यांत शतके पाहिलेलेही होते. उन्हाळा लांबला आणि हिवाळ्याचा पाऊसच चुकला तर झोपेतून उठायला या झुडपांनाही निमित्त उरणार नाही. किंबहुना म्हणूनच 'काटक' हे विशेषण घातक आहे. काटक म्हटले की काळजीची गरज संपते. ही झाडे एका नेमक्या वेळापत्रकाशी बांधलेली आहेत, आणि ते वेळापत्रक मोडणे हा त्यांच्यासाठी उन्हापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

शेवटी एक सूचना आपल्याकडच्या हौशी मंडळींसाठी. अलीकडे आपल्या शहरांत 'मेडिटरेनियन' बागेची टूम आहे: पांढरी भिंत, निळे दार, मातीची कुंडी आणि तीत एक ऑलिव्ह. या प्रदेशाकडून घेण्यासारखी गोष्ट त्याची झाडे नाहीत, कारण ती आपल्या पावसाळ्यात सुखी होणार नाहीत. घेण्यासारखी आहे ती पद्धत. आपल्या उतारावर, आपल्या मुरमात, आपल्या वेळापत्रकाने काय उगवते ते वर्षभर पाहावे, त्याची नोंद ठेवावी, आणि मग कुदळ उचलावी. वैशाखात पानांवाचून एखादा दांडा मुरमातून वर आलेला दिसला तर तो उपटू नये. तो कोळकांदा असेल. तो कोणाशी झुंजत नसतो. त्याची फुलण्याची वेळ झालेली असते, इतकेच.